पात्राची रास कोण ठरवतं? खेळाचा नियम पुरावा म्हणून कसा वाचायचा

या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा दफ्तरं, पत्रव्यवहार, जुनी वर्तमानपत्रं यांच्याबद्दल बोलतो. आज जरा वेगळा सोर्स घेऊया: खेळाचं नियमपुस्तक. त्यातही एकच नियम, तुमच्या पात्राची जन्मरास कोणती आणि तिने काय फरक पडतो, हे सांगणारा.

तुम्ही रिसर्चच्या तयारीत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर "खेळाच्या राशींशी माझा काय संबंध?" असं वाटणं साहजिक आहे. संबंध असा, की हा सोर्स लहान आहे, निरुपद्रवी दिसतो, आणि म्हणूनच तो वाचताना आपण कुठे कुठे घसरू शकतो ते स्पष्ट दिसतं. शिवाय त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे: माणसाच्या जन्माने त्याचं किती ठरावं? तो प्रश्न आपल्याला नवा नाही.

आधी खेळ म्हणजे काय ते दोन वाक्यांत. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण गेममास्टर म्हणून बाकीचं सगळं जग चालवतो, आणि जिथे यश-अपयशाची शंका असते तिथे फासे टाकले जातात. प्रत्येक पात्राचं एक कॅरेक्टर शीट असतं. त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे, पेशा, कौशल्यं असं सगळं लिहिलेलं असतं. पत्रिकाच म्हणा ना! फक्त ही पत्रिका खेळ सुरू होण्याआधी मांडायची असते.

या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून १९७४ मध्ये काढला. त्यात पात्राची क्षमता तीन फाशांच्या बेरजेवर ठरायची. जे पडेल ते पदरात. पण रास मात्र त्या खेळात नव्हती. ती आली तीन वर्षांनी.

तीन प्रश्न

पुढे जाण्याआधी एक हत्यार हातात घेऊया. असा कुठलाही नियम समोर आला की मी त्याला तीन प्रश्न विचारते.

पहिला: कोण ठरवतं? फासा, खेळाडू, की गेममास्टर?

दुसरा: कशाला हात लावतो? आकड्यांना, की फक्त वर्णनाला?

तिसरा: बदलता येतं का? की एकदा पडलं ते जन्मभराचं?

हे प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं पुस्तकातूनच मिळतात. लेखकाच्या मुलाखती, खेळाडूंच्या आठवणी, आपले अंदाज यांची गरज पहिल्या टप्प्यावर लागत नाही. नव्या संशोधकाला ही शिस्त फार उपयोगी पडते. आधी सोर्सला स्वतःचं बोलू द्यायचं.

१९७७: मध्ययुगाचा आग्रह

१९७७ मध्ये 'शिव्हलरी अँड सॉर्सरी' हा खेळ आला. लेखक एडवर्ड सिम्बालिस्ट आणि विल्फ बॅकहाउस, दोघे कॅनडातल्या एडमंटनचे. प्रकाशक फँटसी गेम्स अनलिमिटेड. अतिशय बारीक टायपात छापलेलं हे पुस्तक. त्यामागचा आग्रह असा, की खेळातलं जग खरोखर मध्ययुगीन युरोपासारखं चालायला हवं. सरंजामी व्यवस्था हवी, चर्च हवं, उच्च-नीच हवं.

म्हणून या खेळात पात्र नुसतं 'योद्धा' किंवा 'जादूगार' म्हणून जन्माला येत नाही. ते कुणाच्या तरी पोटी जन्माला येतं. बापाचा सामाजिक दर्जा फाशाने ठरतो, भावंडांमध्ये तुमचा नंबर कितवा तेही फाशाने. थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा यांचं नशीब वेगळं. आणि याच ओळीत येते रास. ती फाशाने पडते, आणि ग्रहमान त्या पात्राला अनुकूल, मध्यम की प्रतिकूल, हेही फासाच सांगतो. ठराविक राशींना ठराविक पेशे मानवतात अशी सांगड घातलेली असते.

आपले तीन प्रश्न लावून पाहा. कोण ठरवतं? फासा. कशाला हात लावतो? पेशाला, म्हणजे थेट खेळातल्या प्रगतीला. बदलता येतं का? नाही. तीनही उत्तरं 'नशीब' या एकाच बाजूची.

आता इथे पहिला घसरगुंडीचा स्पॉट आहे, सावध राहा. मोह असा होतो की लगेच लिहून टाकावं, "मध्ययुगीन लोक ज्योतिष मानत, म्हणून या खेळात रास आली." वाक्य चुकीचं नाही, पण अपुरं आहे. प्रश्न असा विचारायला हवा: यातली रास कुठल्या काळातली आहे?

रास कुठल्या काळातली?

आपल्याकडे "तुझी रास कोणती?" असं विचारलं तर उत्तर मिळतं चंद्रराशीचं. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत तीच रास, आणि त्यासाठी जन्मवेळ हवी, पंचांग हवं. इंग्रजीत हाच प्रश्न विचारला तर उत्तर येतं सूर्यराशीचं, आणि त्यासाठी नुसता वाढदिवस पुरतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण त्याच्यामागे इतिहास आहे.

मध्ययुगीन युरोपात शिकलेल्या माणसाने कुंडली मांडली तर तो जन्मवेळेला पूर्व क्षितिजावर उगवणारी रास पाहायचा, म्हणजे आपलं लग्न. मग ग्रह कुठल्या स्थानी, कुणावर कुणाची दृष्टी, हे सगळं. ही पद्धत मूळची ग्रीक जगातली. युरोपात ती बाराव्या शतकातल्या अरबी ग्रंथांच्या भाषांतरांतून पुन्हा रुजली. आपल्याकडे तीच पद्धत त्याच्या कितीतरी आधी पोचली होती. 'होरा' आणि 'केंद्र' हे आपण सहज वापरतो ते शब्द ग्रीकमधून संस्कृतात आलेले आहेत.

चौदाव्या शतकाच्या अखेरीचं एक उदाहरण घ्या. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथची बाई स्वतःच्या स्वभावाचं स्पष्टीकरण देते ते कुंडलीवरून. लग्नी वृषभ रास, त्यात मंगळ. शुक्राने रसिकता दिली आणि मंगळाने धीटपणा, असा तिचा दावा. म्हणजे मध्ययुगीन साहित्यातल्या एका गाजलेल्या पात्राकडे 'कॅरेक्टर शीट' आहेच म्हणायचं. पण लक्षात घ्या, ती "मी अमुक महिन्यात जन्मले" असं म्हणत नाही. ती लग्न आणि ग्रह सांगते.

मग 'तुमचा वाढदिवस या तारखेपासून त्या तारखेपर्यंत असेल तर तुमचा स्वभाव असा' हे कधी आलं? बरंच अलीकडे. ॲलन लिओ (१८६०–१९१७) नावाचा इंग्रज ज्योतिषी होता, थिऑसॉफिस्ट. त्याने ज्योतिषाचा रोख 'काय घडेल' यावरून 'तुम्ही कसे आहात' याकडे वळवला. स्वभाव हीच नियती, हे त्याचं ब्रीद. याला वैचारिक कारण होतंच, पण कायद्याचंही दडपण होतं. भविष्य सांगणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा ठरू शकत होता. लिओवर १९१४ आणि १९१७ असे दोनदा खटले झाले, दुसऱ्यात दंडही झाला. मी घटना सांगत नाही, फक्त कल सांगतो, असा पवित्रा घेणं ज्योतिषाला सोयीचं होतं.

पुढे ऑगस्ट १९३० मध्ये 'संडे एक्सप्रेस' या वृत्तपत्रात आर. एच. नेलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटची पत्रिका छापली. त्यातून वृत्तपत्री ज्योतिषाची लाट उठली आणि त्या दशकात बारा सूर्यराशींचा कॉलम रुळला. वर्तमानपत्राला लाखो वाचकांची जन्मवेळ कुठून माहीत असणार? वाढदिवस मात्र प्रत्येकाला माहीत असतो. म्हणजे छपाईच्या सोयीतून सूर्यरास मोठी झाली. १९६८ मध्ये लिंडा गुडमनचं 'सन साइन्स' आलं आणि अमेरिकेत ते प्रचंड खपलं. त्यानंतर नवव्या वर्षी 'शिव्हलरी अँड सॉर्सरी'.

आता परत वाचा. मध्ययुगाशी प्रामाणिक राहू पाहणाऱ्या खेळात एका माणसाला एक रास, आणि त्या राशीला शोभणारा पेशा. ग्रहमान अनुकूल-प्रतिकूल असण्याची कल्पना जुन्या ज्योतिषाची. पण 'एक माणूस, एक रास, एक स्वभाव' हा साचा विसाव्या शतकातल्या वाचकाच्या ओळखीचा. नियमात दोन काळ एकावर एक बसलेत. म्हणून हा नियम मध्ययुगाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. १९७७ च्या वाचकाला मध्ययुग कसं दिसत होतं, याचा मात्र तो चांगला पुरावा आहे. सोर्स ज्या काळाबद्दल बोलतो आणि ज्या काळातून बोलतो, ते दोन वेगळे काळ. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा, व्हायवापर्यंत पुरेल.

१९८६: रास म्हणजे शिकण्याचा वेग

पुढचा खेळ 'हार्नमास्टर', १९८६. लेखक एन. रॉबिन क्रॉसबी, प्रकाशक कोलंबिया गेम्स. हाही कॅनडातलाच. हार्न हे क्रॉसबी यांनी उभं केलेलं काल्पनिक बेट. त्याचं कॅलेंडर बारा महिन्यांचं, प्रत्येक महिना तीस दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं. राशी बाराच, पण स्वतंत्र: वृक्ष, लोहार, अग्निसर्प, गरुड, दिवा, चषक, गलबत अशा चिन्हांच्या.

इथे खेळाडू थेट रास काढत नाही. तो फाशाने जन्मतारीख काढतो, आणि तारखेवरून रास निघते. दोन राशींच्या सीमेवर जन्म झाला तर दोन्हींचा लाभ. बघा, वृत्तपत्री सूर्यराशीची सगळी यंत्रणा इथे हजर आहे: वाढदिवस, तारखांचे रकाने, सीमेवरचा अपवाद.

पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. या खेळात प्रत्येक कौशल्याला एक पाया असतो. तो काढायचा कसा? पात्राच्या तीन गुणांची सरासरी घ्यायची आणि त्यात राशीचा अंक मिळवायचा. पोहणं शिकायचं असेल तर चषक आणि गलबत या राशींच्या पात्रांना थोडे जास्त अंक मिळतात. थोडेच. पण पुढे जेव्हा कौशल्य वाढवायची वेळ येते, तेव्हा शंभरपर्यंतचा आकडा टाकून त्यात हा पाया मिळवायचा, आणि बेरीज सध्याच्या कौशल्यापेक्षा जास्त आली तरच कौशल्य वाढतं. म्हणजे राशीचे ते दोन-तीन अंक एकदाच मिळून संपत नाहीत. पात्र जितक्या वेळा शिकायला बसेल, तितक्या वेळा ते हिशोबात येतात.

तीन प्रश्नांची उत्तरं: ठरवतो फासा, कॅलेंडरच्या मार्गाने. हात लावतो शिकण्याच्या वेगाला. बदलता येत नाही. पण 'शिव्हलरी'पेक्षा इथे एक सूक्ष्म फरक आहे. रास कुठलंच दार बंद करत नाही. दुसऱ्या कुठल्या राशीचं पात्रही उत्तम पोहू शकतं, फक्त वेळ जास्त लागेल.

गंमत म्हणजे ही भूमिका बरीच जुनी आहे. संत ऑगस्टीनने ज्योतिषावर आक्षेप घेताना जुळ्यांचं उदाहरण दिलं होतं: एकाच वेळी जन्मलेल्या दोघांचं आयुष्य इतकं वेगळं कसं? तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसने मधला मार्ग काढला: तारे शरीराला कलवू शकतात, इच्छेला बांधू शकत नाहीत. 'हार्नमास्टर'मध्ये जुळ्या भावांची रास एकच असेल, पण ताकद-बुद्धीचे फासे वेगवेगळे पडतील आणि दोघं काय शिकायचं ते आपापलं ठरवतील. कल आहे, सक्ती नाही. क्रॉसबी यांनी ॲक्वायनस वाचून हे केलं, असं मात्र लिहू नका हं! दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एकीतून दुसरी निघाली असं होत नाही. साम्य दाखवणं वेगळं, प्रभाव सिद्ध करणं वेगळं. दुसऱ्यासाठी कागद लागतो.

२००० नंतर: वर्णन, निवड आणि एक सरळ रेषा

'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'ची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आली. त्यातही पात्राला जन्मतारा मिळतो, फाशानेच. पण तो उंची, केसांचा रंग, जन्मगाव यांच्या पंगतीत बसलेला आहे. आकड्यांना तो हात लावत नाही. "याचा तारा असा, म्हणून लोक याला जरा हट्टी समजतात" इतकंच. रास आता अभिनयाचा आधार झाली.

टेबलावरून कॉम्प्युटरकडे गेलो तर २००२ चा 'मॉरोविंड' दिसतो. खेळाडू कैदी म्हणून बेटावर उतरतो, सरकारी कचेरीतला म्हातारा कारकून त्याची नोंद करतो आणि विचारतो, कुठल्या ताऱ्याखाली जन्म? तेरा राशींच्या यादीतून खेळाडू स्वतः निवडतो. आकड्यांवर परिणाम होतो, पण निवड तुमची. याच मालिकेतल्या २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये तर जन्माचा संबंधच सुटतो. डोंगरमाथ्यावर दगड उभे आहेत, हव्या त्या दगडाला हात लावा, त्या ताऱ्याचा आशीर्वाद मिळेल. उद्या दुसरा हवा? दुसऱ्या दगडाकडे जा.

आता ही यादी एका ओळीत मांडा. १९७७: नशीब. १९८६: कल. २००२: निवड. २००५: वर्णन. २०११: कपड्यासारखं बदलता येणारं. किती छान चढत जाणारी रेषा! 'नियतीकडून स्वातंत्र्याकडे', थिसिसचं टायटलच मिळालं.

थांबा. इतकी सरळ रेषा दिसली की संशोधकाला आनंद नाही, शंका यायला हवी.

२०१२: रेषा मोडणारा फासा

गुडमन गेम्सचा 'डंजन क्रॉल क्लासिक्स' २०१२ मध्ये आला. तोवर पात्र आपल्या आवडीने घडवणं सगळीकडे रुळलं होतं. हा खेळ मुद्दाम १९७० च्या दशकाकडे वळतो. क्षमता तीन फाशांनी, ज्या क्रमाने पडतील त्याच क्रमाने. प्रत्येक खेळाडू एकाच वेळी अनेक गरीब, अननुभवी पात्रं काढतो: कुणी शेतकरी, कुणी गुराखी. पहिल्याच मोहिमेत त्यातली बरीचशी मरतात. उरेल तो नायक.

आणि प्रत्येकाला एक जन्मशकुन असतो, तीस बाजूंच्या फाशाने पडणारा. कुणी रणांगणावर जन्मलेला, कुणी सातवा मुलगा, कुणी दुष्काळातून वाचलेला. प्रत्येक शकुन एकेका गोष्टीला जोडलेला. पण त्याचा फायदा किती, ते ठरतं पात्राच्या 'लक' या गुणावरून. लक चांगलं तर शकुन तारतो, लक वाईट तर तोच शकुन मारतो.

इथे जरा हिशोब करू. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यता. बेरीज ९ ते १२ आली तर या खेळात फायदा-तोटा शून्य. अशा शक्यता १०४, म्हणजे साधारण ४८ टक्के. बेरीज ८ किंवा कमी आली तर तोटा: ५६ शक्यता, साधारण २६ टक्के. १३ किंवा जास्त आली तर फायदा: तेवढ्याच ५६. म्हणजे जवळजवळ निम्म्या पात्रांच्या जन्मशकुनाचं नाव मोठं आणि लक्षण शून्य! उरलेल्यांत निम्म्यांना तो वर आहे, निम्म्यांना शाप.

आणखी एक बारकावा. खेळात लक खर्च करता येतं, ते कमी होतं. पण शकुनाचा आकडा सुरुवातीच्या लकवर गोठलेला राहतो. जन्मवेळी जे होतं तेच धरायचं.

तीन प्रश्न: ठरवतो फासा. हात लावतो आकड्यांना. बदलत नाही. १९७७ ला जिथे होतो, तिथेच परत. 'नियतीकडून स्वातंत्र्याकडे' हे टायटल गेलं.

पण त्याच्या जागी जास्त चांगला प्रश्न मिळाला. १९७७ ची नियती आणि २०१२ ची नियती एकच आहे का? 'शिव्हलरी'त फासा समाजाचं चित्र काढत होता: जग असंच अन्यायी असतं, ते तसंच दाखवू. 'डंजन क्रॉल'मध्ये फासा आपण निवडलेल्या जुन्या खेळशैलीची खूण आहे: सगळं हवं तसं मिळण्याचा कंटाळा आलाय, म्हणून नशीब परत आणू. नियम सारखा, हेतू वेगळा. असा फरक दाखवता आला की प्रकरण उभं राहतं.

नियम म्हणजे खेळ नव्हे

इथवर आपण फक्त पुस्तकं वाचली. आता त्यांची मर्यादा. पुस्तकात "फासा टाका" लिहिलंय म्हणून प्रत्येक टेबलावर तो टाकला गेला, आणि पडलं ते मानलं गेलं, असं नाही. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिनियापोलिस परिसरात खेळाडूंमध्ये बसून फील्डवर्क केलं. त्यावरचं 'शेअर्ड फँटसी' हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. फाशाचा आकडा सांगताना लबाडी होणं ही या टेबलांवर नेहमीची बाब होती, आणि बऱ्याचदा बाकीचे ती चालवूनही घेत, असं त्यांनी नोंदवलं आहे.

म्हणजे नियमातली नियती आणि टेबलावरची नियती यांच्यात माणूस बसलेला असतो. नको ती रास पडली की "फासा जरा कलंडला, परत टाकतो" म्हणणारा. आपल्याकडे पत्रिका जुळत नसली की वेळ दोन मिनिटं पुढे-मागे करून बघणारे असतातच की.

ही फट भरायची तर दुसरे सोर्स हवेत. लॉस एंजेलिसहून ली गोल्ड यांनी १९७५ पासून काढलेलं 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे त्यातलं महत्त्वाचं. खेळाडूंनी स्वतः लिहून पाठवलेली पानं एकत्र बांधून वर्गणीदारांना जायची. त्यात नियमांवरचे वाद, आपण नियम कसा बदलला त्याच्या हकिगती असत. इतिहासकार जॉन पीटरसन यांनी 'प्लेइंग ॲट द वर्ल्ड' (२०१२) आणि 'द एल्युसिव्ह शिफ्ट' (२०२०) या पुस्तकांत असल्या हौशी छापील साहित्याचा मोठा वापर केला आहे. पद्धत शिकण्यासाठी ती जरूर वाचा.

आणि आवृत्तीकडे लक्ष ठेवा. 'शिव्हलरी'ची दुसरी आवृत्ती १९८३ ची, 'हार्नमास्टर'ची १९९६ ची. नाव तेच, नियम बदललेले. इंटरनेटवर मिळालेली फाइल कुठल्या आवृत्तीची, ते पाहिल्याशिवाय एकही वाक्य लिहायचं नाही.

हे सगळं कशासाठी?

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. पण तिची दुसरी बाजूही आपल्याला माहीत आहे. पाळणा कुठल्या घरातला, यावरून पाय कुठवर जातील ते ठरवून टाकणारा समाज आपण पाहिलाय, वाचलाय, आपल्यापैकी काहींनी सोसलाय. म्हणून मराठी वाचक 'बापाचा दर्जा फाशाने काढा' हे वाक्य वाचतो तेव्हा ते त्याला निव्वळ खेळातलं वाटत नाही. हा अडथळा नाही, ही दृष्टी आहे. फक्त ती आपण कुठून आणली, ते लिहिताना उघड सांगायचं.

आणि हा प्रश्न फक्त आपलाही नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राशी नव्हत्या, पण वंश होता. एल्फ असाल तर चपळाई जास्त, ड्वार्फ असाल तर काटकपणा. २०२० च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकाने हे जादा अंक खेळाडूला हवे तिथे हलवण्याची मुभा दिली. २०२४ च्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'ने इंग्रजीतला 'रेस' हा शब्दच काढून 'स्पीशीज' केला, आणि क्षमतेचे अंक पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले: तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात यापेक्षा काय काम करत वाढलात याला. यावर खेळाडूंमध्ये कडाक्याचे वाद झाले. "हा तर नुसता खेळ आहे" असं म्हणणारेही तावातावाने वाद घालत होते, यातच सगळं आलं.

आता राशीकडे परत बघा. वंश आणि रास दोन्ही जन्मजात. मग वंशाच्या अंकांवर इतका वाद, आणि राशीच्या अंकांवर का नाही? माझं उत्तर असं: रास कुणालाही पडू शकते. ती बापाकडून मुलाकडे जात नाही, ती पाहून कुणाला गावाबाहेर बसवत नाहीत. नशीब सगळ्यांना सारखं वाटलं जातं तेव्हा त्याला आपण खेळ म्हणतो. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच दारात येतं, तेव्हा त्याला व्यवस्था म्हणतात. 'शिव्हलरी अँड सॉर्सरी'च्या पात्र-निर्मितीत रास आणि बापाचा दर्जा जवळजवळ आहेत, दोन्ही फाशावर. त्या दोन रकान्यांमधली रेघ कुठे आणि का मारायची, हा माझ्या मते या विषयातला खरा रिसर्च क्वेश्चन आहे. तो कुणाला पुढे न्यायचा असेल तर अवश्य न्या.

तुम्ही खेळांवर काम करणार नसाल तरी एक अभ्यास करून पाहा. तुमच्या विषयातला कुठलाही एक नियम घ्या: वसतिगृहाचं जुनं नियमपत्रक, एखाद्या संस्थेची घटना, भिशीचे नियम, काहीही. त्याला तीन प्रश्न विचारा: कोण ठरवतं, कशाला हात लागतो, बदलता येतं का. मग तो नियम कुठल्या काळातून बोलतोय ते शोधा. मग तो मोडला कसा जायचा ते शोधा. एक पान लिहा, जास्त नको. गाइडसमोर रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा ते पान घेऊन गेलेलं केव्हाही बरं.